कसब्यातला वाडा नेमका किती जुना, हे शोधायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर इथेच कळेल. सोलापुरात उत्तर कसब्यात तुमच्या आजोळचा दोन चौकांचा, दुमजली वाडा आहे. घराण्याला गावात नाव आहे. घरातली सगळी मंडळी सांगतात की वाडा तीनशे वर्षांचा आहे, पेशव्यांनी मूळ पुरुषाला तो इनाम दिला आणि तळघरातून भुईकोट किल्ल्यापर्यंत भुयार जातं. मोठ्या दरवाज्याच्या चौकटीवर मात्र ‘शके १७९०’ कोरलेलं आहे. मामा म्हणतात, ती नंतरची डागडुजी. आता हिस्सेदारांमध्ये वाडा बिल्डरला द्यायचं घाटतंय. त्याआधी तुम्हाला त्याचा इतिहास लिहून ठेवायचा आहे. पोटमाळ्यावर मोडी कागदांचं एक गाठोडं आहे. सुरुवात कुठून करावी आणि तीनशे वर्षांचा पुरावा कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

मी वास्तुविशारद आहे. जुन्या घरांची मापं काढणं, नकाशे करणं आणि कागदांशी ते ताडून पाहणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि त्यातलं बरंचसं सोलापूर जिल्ह्यातच झालंय. त्या अनुभवावरून सांगते: ‘वाडा किती वर्षांचा’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळत नाही. इतक्या मोठ्या घराचा कुठला भाग आजोबांच्या आजोबांनी बांधलेला असतो, कुठला त्यांच्या मुलाने चढवलेला, कुठला वाटण्या झाल्यावर भिंत घालून तोडलेला. तेव्हा शोधायचं ते हे, की कुठला भाग केव्हा उभा राहिला आणि त्या वेळी घरात पैसा कुठून आला. हे एकदा हाती लागलं की तीनशे वर्षांचा प्रश्न आपोआप जागेवर येतो.

आधी चौकटीबद्दल. शके १७९० म्हणजे इसवी सन १८६८-६९. या आकड्याला मामा डागडुजी म्हणतात, पण माझ्या मते तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा दुवा तोच आहे. त्या काळातलं सोलापूर डोळ्यांसमोर आणा. १८१८ च्या मे महिन्यात किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यानंतरची चाळीसेक वर्षं हे एक बऱ्यापैकी बाजारपेठेचं गाव होतं. १८५२ मध्ये नगरपालिका झाली. मग १८६० मध्ये रेल्वे आली. लगेच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि इकडच्या कापसाचे भाव कडाडले. रेल्वेच्या तोंडाशी असलेल्या सोलापूरच्या पेठेला त्याचा केवढा फायदा झाला असेल! पुढे भाव कोसळले, पण ज्यांनी वेळेवर पैसा बाजूला काढला त्यांनी तो जमिनीत, सोन्यात आणि घरात घातला. १८६८-६९ ची चौकट या हिशेबात चपखल बसते. तुमच्या घराण्यात कापसाची अडत, पेढी किंवा सावकारी होती का, हे घरात विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर अर्ध्या वाड्याचा उगम सापडला असं समजायला हरकत नाही.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. सोलापूरच्या मोठ्या घरांचा इतिहास पेशवाईत शोधायची सवय आपल्याला पुण्याकडे बघून लागली आहे. पंढरपुरातले शिंदे-होळकरांचे वाडे, अक्कलकोटचे राजवाडे हे राजसत्तेच्या पैशातून झाले, हे खरं. पण सोलापूर शहराचं वैभव व्यापाराचं आहे. कापूस, सूत, धान्य, पेढी आणि मग गिरण्या. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, त्यानंतर एकामागून एक भोंगे वाजू लागले. या शहरातली सगळ्यात देखणी खासगी हवेली म्हणजे इंद्रभुवन. ती वारद घराण्यातल्या अप्पासाहेब वारदांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पूर्ण झाली. तिला कुणी पेशव्यांचं नाव जोडत नाही आणि जोडायची गरजही नाही. तुमचा वाडा दीडशे वर्षांचा निघाला तर त्याने घराण्याचं काहीही कमी होत नाही. उलट आपल्या शहराचा जो काळ कमी लिहिला गेलाय, त्याचा तो साक्षीदार ठरतो.

पण चौकटीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तेही सांगते. मामांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चौकट सुटी वस्तू आहे. ती दुसऱ्या पडक्या वाड्यातून विकत आणलेली असू शकते, जुन्याच दाराला नवी बसवलेली असू शकते. म्हणून चौकट भिंतीत कशी बसली आहे ते बघायचं. दगडी चिरे चौकटीच्या मापाने घडवलेले आहेत की विटांचे तुकडे भरून फट बुजवली आहे? वरचा दगडी किंवा लाकडी दासा (दारावरची आडवी तुळई) चौकटीच्या रुंदीचा आहे की जास्त लांब? अशा दोन-चार खुणांवरून दार आणि भिंत एका वेळची आहेत की नाही ते बहुधा कळतं.

तुम्ही मोडी गाठोड्यापासून सुरुवात करायला निघालाय. मी म्हणेन, आधी भिंती. कागद वर्षभर थांबतील. वाडा बिल्डरकडे गेला तर भिंती थांबणार नाहीत, आणि एकदा पाडलेल्या भिंतीला पुन्हा काही विचारता येत नाही.

भिंती वाचायच्या म्हणजे काय करायचं? पहिलं काम मापांचं. तळमजला, वरचा मजला आणि दोन्ही चौकांतून आरपार एक उभा छेद, एवढे नकाशे हवेत. स्थानिक वास्तुविशारद किंवा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हे करू शकतात. त्यांना एकच बजावून सांगा, प्रत्येक भिंतीची जाडी लिहा. जाडी जिथे अचानक बदलते तिथे काळ बदललेला असण्याची शक्यता असते. दोन भिंती जिथे मिळतात तिथे दगड एकमेकांत गुंतलेले आहेत की वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसतो, ते बघा. सरळ सांधा असेल तर एक भिंत दुसरीला नंतर टेकवलेली आहे. दोन चौकांमध्ये असा सांधा सापडला की आधीचा चौक आणि नंतरचा चौक वेगळे काढता येतात. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच दुचौकी वाड्यांत दोन्ही चौक एका पिढीतले नव्हते. तुमच्याकडेही तसं निघालं तर मामा आणि चौकट दोघंही बरोबर ठरतील: आतला चौक जुना, दर्शनी चौक १८६८ चा.

मग साहित्य. आपल्याकडे खाली काळ्या दगडाचं जोतं आणि भिंती, वर विटा, आतून लाकडी खांब-तुळया, कडीपाट (कड्यांवर फळ्यांचं छत) आणि त्यावर मातीचं माळवद (सपाट छप्पर), ही सर्वसाधारण रीत. विटा पातळ आणि लहान असतील तर बांधकाम जुन्या पद्धतीचं. नऊ इंच लांबीच्या जाड विटा आल्या की इंग्रजी अमदानीचा प्रभाव समजायचा. एखादा जुना खिळा निघाला तर जपून ठेवा. चौकोनी, ठोकून केलेला खिळा लोहाराचा, गोल तारेचा खिळा कारखान्याचा. आतल्या खोल्यांची दारं बघा. दार उंबऱ्यातल्या दगडी खळगीत फिरतं की बिजागरीवर? खळगीतलं दार जुन्या पद्धतीचं.

वरच्या मजल्यावर लोखंडी तुळया आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या मधल्या उभ्या पत्र्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडा, रंगाखाली कंपनीचं नाव उठावात दिसेल. ‘डोरमन लाँग’ असं इंग्रजीत निघालं तर माल विलायतेचा आणि १८७५ नंतरचा, कारण ती कंपनीच त्या साली सुरू झाली. ‘टाटा’ निघालं तर १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तयार व्हायला तेव्हा सुरुवात झाली. मंगलोरी कौलं असतील तर त्यांच्या पाठीवरही कारखान्याचं नाव असतं. मंगळूरचा बासेल मिशनचा पहिला कौलांचा कारखाना १८६५ चा. या सगळ्यावरून ‘याच्या आधी नाही’ एवढंच सिद्ध होतं, ‘याच साली’ असं नाही. तुळई बाजारात पडून राहते, कौल जुन्या घराचं नव्या घरावर चढतं. तरीही अशा चार-पाच खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की निष्कर्ष पक्का होत जातो. लोखंडी तुळया, बिडाचे कठडे आणि रंगीत काचा एकाच मजल्यावर एकत्र असतील तर तो मजला चौकटीच्या तारखेनंतर एखाद्या पिढीने चढवला असावा, असा माझा न बघता केलेला अंदाज आहे.

आता माळवद. सोलापूरच्या वाड्यांचा अलीकडचा इतिहास माळवदावर लिहिलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. तिकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं यांखाली माणसं गाडली गेली. त्याचा धसका आपल्याकडेही बसला. कित्येक घरांनी माळवद उतरवून पत्रे घातले. तुमच्या वाड्यावर पत्रे असतील तर ते केव्हा घातले, हे सांगणारं माणूस घरात अजून असेल. आजच लिहून घ्या. आणि माळवद अजून असेल तर वर जाताना जपून. पन्हळी तुंबून पाणी मुरलं असेल तर कड्या आतून कुजलेल्या असतात आणि खालून दिसत नाही.

भुयाराबद्दल. किल्ल्यापर्यंत भुयार ही गोष्ट मी जवळपास प्रत्येक मोठ्या वाड्यात ऐकली आहे. किल्ल्याला खंदक आहे, एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी आहे. त्याखालून गावातल्या घराघरांत भुयारं काढणं आणि ती कोरडी ठेवणं किती अवघड, याचा विचार करा. मग तळघरातलं ते काळंकुट्ट भोक कसलं? बहुतेक वेळा ते पेव असतं. आपला मुलूख ज्वारीचा, आणि दुष्काळाचाही. ज्वारी वर्षानुवर्षं टिकवायची तर जमिनीत पेव खणून भरायची आणि घरात भिंतीत बळद (धान्याची बंद कोठी) ठेवायचं. तोंड अरुंद, आत मोठी पोकळी. लहान मुलांना तिथून दूर ठेवण्यासाठी काहीतरी सांगितलं जातं आणि दोन पिढ्यांत त्याचं भुयार होतं. मला विचाराल तर धान्याचा एवढा साठा करणारं घर ही भुयारापेक्षा जास्त बोलकी गोष्ट आहे, कारण १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला तेव्हा त्या पेवांचं काय झालं, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. ज्वारी गावाला वाटली, की चढ्या भावाने विकली? कागदांत कदाचित सापडेल.

एक सक्त सूचना: बंद पेवात कुणीही उतरू नका. आत हवा कोंडलेली असते, धान्य कुजून विषारी वायू साठतो, आणि उतरलेला माणूस आवाज न करता कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही जातो. दोरीला मोबाईल बांधून व्हिडिओ काढा, तेवढं पुरे.

आता कागद. गाठोडं सोडण्याआधी ते आहे तसं फोटोत घ्या, कुठला कागद कशात गुंडाळला होता ते लिहा. कागदांची रास करून विषयवार लावू नका. जुन्या माणसांनी जे एकत्र बांधलं ते काही कारणाने बांधलेलं असतं. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी मोडत असेल तर तशीच राहू द्या, वाचणारा माणूस उलगडेल. सपाट पृष्ठभाग, खिडकीचा उजेड आणि मोबाईल एवढ्यावर उत्तम प्रती निघतात.

मोडी वाचणाऱ्याकडे नेण्याआधीही तुम्ही बरंच ओळखू शकता. स्टँपपेपरवर राणीचा चेहरा आहे की राजाचा? व्हिक्टोरिया असेल तर १९०१ च्या आधीचा, सातवा एडवर्ड असेल तर १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज असेल तर १९१० ते १९३६. कालगणनेचं नीट बघा, इथे हमखास घोळ होतो. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००. फसली (महसुलाची कालगणना) असेल तर ५९० किंवा ५९१. फसली १२७८ वाचून कुणी ‘तेराव्या शतकातला कागद’ म्हणालं तर ते खरं तर तुमच्या चौकटीच्याच वर्षाच्या आसपासचं असतं. भाषाही एकच असेल असं धरू नका. सोलापूरच्या पेढीच्या दफ्तरात मोडी मराठी, कन्नड, गुजराती, उर्दू असं सगळं सापडतं. शिवाय तुळजापूर, नळदुर्ग हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घराण्याची जमीन तिकडे असेल तर तिचे कागद वेगळ्या राज्याचे, वेगळ्या लिपीतले.

इनामाचं काय? पेशव्यांनी दिलं असेल तर त्याची वाट कागदावर दिसते. इनाम सहसा गावाच्या किंवा जमिनीच्या उत्पन्नाचं असतं. राहत्या वाड्याचं क्वचित. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनकडून ही सगळी इनामं तपासली, १८६३ च्या समरी सेटलमेंटनंतर (ठरावीक सारा घेऊन इनाम कायम करण्याची तडजोड) सनदा दिल्या. म्हणजे तुमच्या घराण्याचं इनाम इंग्रजी अमदानीत टिकलं असेल तर त्याची सनद किंवा कैफियत (घराण्याने दिलेलं लेखी निवेदन) कुठेतरी असायला हवी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथे गावाचं आणि मूळ पुरुषाचं नाव घेऊन जाता येतं. काही सापडलं नाही तर इनाम नव्हतंच असं मी म्हणणार नाही. पण ‘घराण्यात असं सांगतात’ एवढंच लिहायचं, ‘पेशव्यांनी दिलं’ असं नाही.

त्यापेक्षा सोलापुरातच जास्त मिळेल. सिटी सर्व्हे कार्यालयात मालमत्ता पत्रक आणि त्यामागची जुनी चौकशी नोंदवही मागा. पत्रकावर आजचे हिस्सेदार असतात. चौकशी नोंदवहीत त्या वेळच्या माणसाने ‘ही जागा माझ्याकडे कशी आली’ ते सांगितलेलं असतं. तीच खरी गंमत. महापालिकेत कर आकारणीचे जुने उतारे मागा, त्यात खोल्या, भाडेकरू, वापर कळतो. दस्तनोंदणी १८६० च्या दशकापासून आहे, म्हणजे तुमची चौकट बसली तेव्हा खरेदीखत, गहाणखत नोंदवायची सोय होती. नोंदणी कार्यालयातली जुनी सूची नावावरून शोधता येते. मिळेल त्याची प्रमाणित प्रत काढून घ्या. यातलं किती हाती लागेल हे कागदांच्या अवस्थेवर, तिथल्या कारकुनाच्या सवडीवर आणि तुमच्या चिकाटीवर अवलंबून आहे. मी काम केलेल्या घरांपैकी काहींची साखळी सलग लागली, काहींच्या मधल्या दोन पिढ्या कायमच्या कोऱ्या राहिल्या.

गाठोड्यात बांधकामाच्या हिशेबापेक्षा शेतकऱ्यांची गहाणखतं जास्त निघण्याची शक्यता मोठी आहे. घर सावकाराचं असेल तर हे व्हायचंच. १८७५ मध्ये पुणे आणि नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले, मग १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला आणि तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सोलापूर होतं. त्यामुळे ते कागद हा तुमच्या वाड्याचाच इतिहास आहे: कुणाचं शेत बुडालं, कुठल्या गावाची ज्वारी त्या पेवांत आली. कुटुंबातल्या काहींना हे आवडणार नाही, वगळा म्हणतील. कृपा करून वगळू नका. कर्जदारांची नावं छापायची नसतील तर गावाचं नाव आणि रक्कम ठेवा. चिरे घडवणारे वडार, सुतार, गवंडी यांची नावं मजुरीच्या हिशेबात कुठे आली असतील तर ती मात्र जरूर छापा, कारण ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत.

कागदांत आणखी एक मोठी पोकळी दिसेल: बायका. खरेदीखतावर पुरुष, वाटणीपत्रावर पुरुष. पण घर कसं चाललं हे आजी, मावश्या, सुना सांगतील. आणि त्यांना ‘कुठल्या साली’ असं विचारू नका, साल कुणालाच आठवत नसतं. सोलापूरच्या आठवणीत स्वतःचे मैलाचे दगड आहेत, त्यांना धरून विचारा. प्लेगात घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेले होते असं कुणी सांगत असे का? मे १९३० च्या मार्शल लॉच्या वेळी दरवाजा बंद होता की कुणाला आत लपवलं होतं? रझाकारांच्या धामधुमीत निजाम हद्दीतले नातेवाईक येऊन राहिले होते का, आणि किती महिने? बहात्तरच्या दुष्काळात आडाला पाणी होतं का? गिरण्या बंद पडल्यावर भाडेकरूंपैकी कोण गेलं, कोण राहिलं? असं विचारलं की माणसं भराभर बोलतात, आणि कुठली खोली केव्हा बांधली तेही ओघात निघतं. भाडेकरूंशीही बोला. तुमच्या मामांपेक्षा त्यांनी त्या वाड्यात सलग जास्त वर्षं काढलेली असू शकतात.

इथवरचं सगळं एका दमात लक्षात राहणार नाही म्हणून क्रम पुन्हा सांगते: पहिल्यांदा मापं आणि फोटो, त्याच्याच जोडीने म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, मग सिटी सर्व्हे आणि नोंदणीचे कागद, आणि मोडी गाठोडं सगळ्यात शेवटी. मोडी वाचणाऱ्याची चौकशी त्या आधी करून ठेवायला हरकत नाही. पुराभिलेख विभागाच्या मोडीच्या वर्गांतून तयार झालेली मंडळी वाचून देतात. मानधन पानावर असतं, म्हणून आधी यादी करा आणि महत्त्वाचं तेवढंच द्या.

हिस्सेदारांचा विषय नाजूक आहे. वाटणीचा वाद चालू असताना एकाच माणसाने जुने कागद हाताळले की बाकीच्यांना शंका येते, आणि चुकीचंही नाही, कारण एखादं जुनं वाटणीपत्र आजच्या हिश्शांवर परिणाम करू शकतं. म्हणून काढलेली प्रत्येक प्रत त्याच दिवशी सगळ्या हिस्सेदारांना पाठवा. इतिहास लिहायचं काम आणि मालकी सिद्ध करायचं काम वेगळं ठेवा. दुसऱ्यासाठी वकील हवा. आणखी एक: भुईकोट किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षणात आहे. तुमची जागा संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत असेल तर नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. बिल्डरशी बोलणी पुढे जाण्याआधी हे अंतर मोजून घ्या. कदाचित सगळा हिशेबच बदलेल.

वाडा वाचेल का, असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण प्रश्नात ते आहे. सोलापुरात जी मोठी घरं टिकली ती उपयोगाला आली म्हणून टिकली. इंद्रभुवनात महापालिका आली, ती १९६४ पासूनची. चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर एका माणसाच्या कर्तृत्वामुळे स्मारक झालं. तुमच्या वाड्याला असा उपयोग किंवा अशी एक ठळक कहाणी मिळाली तर निदान दर्शनी चौक तरी राखण्याची बोलणी करता येतील. मला ते व्हावंसं मनापासून वाटतं. पण सगळे हिस्सेदार शहराबाहेर, छप्पर गळतंय आणि दुरुस्तीला कुणी पैसे काढत नाही अशी स्थिती असेल, तर राखा म्हणून मी दुरून उपदेश करणार नाही. तशा वेळी करारनाम्यात एक कलम घाला: चौकट, कोरीव खांब आणि देवघराचं लाकूडकाम कुटुंबाकडे राहील, पाडकाम सुरू होण्याआधी नकाशांसाठी दोन महिने मिळतील. हे तोंडी ठरवू नका. पाडकाम करणारे ठेकेदार सागवान पहिल्या दिवशी उतरवतात, आणि तारीख कोरलेली चौकट त्यात सगळ्यात आधी जाते.

या आठवड्यात शक्य असेल तर एवढं करा. संध्याकाळी अंधार पडल्यावर चौकटीसमोर जा, बॅटरी अगदी बाजूने, लाकडाला जवळजवळ टेकवून धरा आणि कोरीव अक्षरांचा फोटो घ्या. ‘शके १७९०’ च्या मागे-पुढे तिथी, संवत्सराचं नाव किंवा एखादं माणसाचं नाव रंगाखाली दडलेलं असू शकतं. शके १७९० ला विभव संवत्सर होतं. तेच नाव तिथे निघालं तर आकडा पक्का. फोटोत अक्षरं दिसली तर इथे टाका, आपण मिळून वाचू. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्याचाही एक फोटो जोडा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा.